विसण कोणी घातलं

मालेगाव (जि. वाशीम), ४ डिसेंबर

सायली,

फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. फोन कट करता येतो. कागद फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच. तेवढ्या वाच.

गोलू कसा आहे ते कळव. पाठीवरच्या खपल्या पडल्या का, पाठीवर टेकवला तर रडतो का, दूध नीट ओढतो का. धीरज तुझा भाऊ, पण त्याला विचारलं तर 'बरा हाये' म्हणतो आणि गाडीला किक मारतो. जावईबापूंनी त्याला तेवढंच सांगितलं असणार. बापे लोकांचं बरं एवढंच असतं.

इकडे सगळं ठीक आहे. मेथी निघाली, कोथिंबीर दाट आली आहे, फूलकोबीवर थोडी कीड आहे. जुड्या सध्या तुझे बाबाच बांधतात. माझ्या हातून सुतळी सुटते, थंडीनं बोटं आखडतात. अक्षर असं वाकडं आलंय तेही त्यामुळेच. पेनही धड नाही.

वाशीमच्या दवाखान्यात तू सगळ्यांसमोर जे बोललीस ते मी विसरलेले नाही. 'आई, लेकरू इतलं भाजलं अन् तुह्या डोयात एक टिपूस नाही आलं.' तुझ्या सासूबाई तिथंच उभ्या होत्या, जावई होते, ओळख ना पाळख अशी माणसं होती. मी रडणारी बाई नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तुझी आजी गेली तेव्हाही मी स्वयंपाकच करत होते. म्हणून काय मला काळीज नाही?

झालं ते वाईट झालं. तू रात्रभर जागून आतल्या खोलीत झोपली होतीस. मी नेहमीसारखी न्हाणीत पाय लांब करून बसले, गोलूला पायांवर पालथा घेतला. तुझी वहिनी राखी तांब्यानं पाणी देत होती. विसण कमी पडलं. चुलीवरचं पाणी आधणाचं होतं, त्यात गार पाणी घालायचं ते पुरेसं पडलं नाही. विसण राखीनं घातलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. तिला मी काय बोलू? लेकराच्या पाण्याचा अंदाज लेकरू झाल्याशिवाय येत नाही, आणि लग्नाला पाच वर्षं झाली तरी तिची कूस उजवलेली नाही.

माझ्याही नडगीला थोडं लागलंय. काही विशेष नाही, खोबरेल लावते.

गोलूसाठी साजूक तूप धीरजजवळ दिलं आहे. तुझ्यासाठी डिंकाचे लाडू आहेत. माझ्यावर राग आहे म्हणून लाडू परत पाठवू नकोस.

आई


मालेगाव, १९ डिसेंबर

सायली,

लाडू परत आले नाहीत, म्हणजे खाल्ले. पत्राचं उत्तर मात्र आलं नाही. उत्तर धीरजच्या तोंडून आलं, 'ती घरात हाये तवर मी माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही.' तुझ्या सासूबाईही म्हणाल्या म्हणे की जिला स्वतःचं नाही तिच्या नजरेला दुसऱ्याचं खुपतंच. धीरजनं हे सगळं राखीसमोरच सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

तू असं समजतेस की मी सुनेला पाठीशी घालते. मी कोणाला पाठीशी घालत नाही. मी तिच्याशी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलते. धीरज तर तेवढंही बोलत नाही.

गल्लीतही कुजबुज पोचलीच. परवा शेजारणीचं लेकरू रांगत रांगत आपल्या ओट्यावर आलं, राखीनं त्याच्यापुढे हात केले, तर शेजारीण घरातून धावत आली आणि लेकरू उचलून घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघून हसली, जशी काही माझीच बाजू घेतली. मी ओट्यावरच होते. मी मेथी निवडत राहिले.

माझी एक गंमत ऐक. बाजारातून पायी येताना डाव्या पायातली चप्पल कुठं तरी गळून पडली आणि मला पत्ताच नाही. तशीच तो मुरमाचा रस्ता तुडवत घरी आले. बाबांनी विचारलं, 'एका पायात चप्पल घालायची फॅशन कवापासून सुरू झाली?' मीही हसले. तळव्यात काच रुतली होती. ती बाबांनी चिमट्यानं काढली आणि म्हणाले, 'आवाज बी नाही केला तू.' मी म्हटलं, आम्ही आधीच्या काळातल्या बायका आहोत, तुमच्या पोरींसारख्या नाजूक नाही.

तर ठरलं असं की राखीला काही दिवस शिरपूरला, तिच्या माहेरी पाठवायचं. मी ठरवलं म्हण. तुझ्या मनासारखं होतंय ना?

गोलूचा एक फोटो तरी धीरजच्या मोबाइलवर टाक. पाठीचा नको. तोंडाचा टाक.

आई


मालेगाव, २ जानेवारी

सायली,

राखी गेली. तिचे वडील माणिकराव घ्यायला आले होते. त्यांनी चहा घेतला नाही. 'पोरीची काय चूक झाली तेवढं सांगा' म्हणाले, तर धीरज खाली बघत राहिला आणि बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, चूक कोणाची नाही, चार दिवस हवापालट. माणिकरावांनी राखीची पिशवी उचलली आणि राम राम न घालता निघाले.

राखी जाताना पाया पडली. मग परत आत गेली, चुलीजवळच्या खिळ्याला सांडशी अडकवली, म्हणाली, 'आत्याबाई, कढई उतरवताना हे घेत जा. इसरू नका.' मला मेलीचा रागच आला. तीस वर्षं या घरात चूल पेटवते मी, आणि ही मला सांडशी दाखवते.

आता तुझी अट राहिली नाही. संक्रांत जवळ आली आहे. गोलूची पहिली संक्रांत आहे, बोरन्हाण इथंच करू. आपल्या बांधावरची बोरं पिकली आहेत. काळ्या कापडाचं झबलं आणि हलव्याचे दागिने मी करते. आता माझ्याच्यानं एवढं बारीक काम होत नाही, पण कोणाकडून करवून घेते.

ये. जास्त काही लिहीत नाही.

आई


मालेगाव, १० जानेवारी

सायली,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, धीरजच्या हाती देते. त्याला यातलं सगळं आधी सांगितलं आहे. तू संक्रांतीला येते म्हणून कळवलंस, तो निरोप त्यानं मला वाचून दाखवला तेव्हा मी चुलीपुढे बसूनच हात जोडले. आता सांगते की येऊ नकोस. निदान हे पुरतं वाचल्याशिवाय येऊ नकोस.

काल दुपारी मी परसात उन्हात पाय पसरून बसले होते. डोळा लागला. बाबा वावरातून आले आणि माझ्या पायाजवळ उकिडवे बसले. मला हलवून म्हणाले, 'हे कायचं हाये?' नडगीवरच्या जखमेला मुंग्यांची रांग लागली होती. मला काहीही कळलं नव्हतं. लुगडं खाली ओढायला गेले तर त्यांनी हात धरला.

'कवापासून हाये?'

मी म्हटलं, गोलू भाजला त्या दिवसापासून.

'दुखत नाही?'

'नाही.'

'भाजलेलं दुखत नाही तुले?'

ते मग बराच वेळ न्हाणीकडे बघत राहिले. तुझे बाबा हळू विचार करतात, पण एकदा विचाराला लागले की पोचतात. म्हणाले, 'मंग त्या पोरीले कायले बदनाम केलं?'

सायली, माझ्या पायांना आणि हातांना समजत नाही. गार-गरम समजत नाही, टोचलेलं समजत नाही. डोळे मिटून उभी राहिले तर जमीन कुठं आहे तेही समजत नाही. हे आजकालचं नाही. तू बाळंतपणाला यायच्या आधी, श्रावणात, मी अकोल्याला गेले होते ना, डोळ्याचा नंबर काढायला म्हणून? नंबर नव्हता. डोळे कोरडे पडले होते, वाळू गेल्यासारखे खुपायचे. तोंडाला पाणी सुटायचं नाही, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरायचा नाही. आणि तळवे रात्रभर जळायचे, मग हळूहळू जळणं थांबलं आणि काही वाटेनासं झालं. मला वाटलं बरं झालं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ओठाच्या आतला बारीकसा तुकडा काढला, हातापायाला तारा लावून नसांची तपासणी केली. म्हणाल्या, याला शोग्रेन म्हणतात. आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी ताकद असते ती उलटते. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसांना चावायला लागतं, तसं. आधी डोळ्यांतलं आणि तोंडातलं पाणी आटवतं, मग काही जणांच्या नसांवर जातं. हा कोणापासून कोणाला लागत नाही. औषधानं थांबवता येतो, पण गेलेल्या नसा किती परत येतील ते सांगता येत नाही. आणि शेवटी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, 'प्रयागबाई, चूल, तवा, गरम पाणी, याचा अंदाज तुम्ही हातानं घ्यायचा नाही. कधीच नाही.' मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा हो म्हटलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

घरी येऊन मी कोणालाच सांगितलं नाही. गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवल्या आणि आठवण होईल तशा घेतल्या. त्याचं कारण मी मनाशी असं धरलं होतं की अंग बधिर झालं म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या तोंडी एकच शब्द येतो, महारोग. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणून सांगितलं तरी गल्लीला कोण समजावणार? तुझ्या सासरी हे कानावर गेलं तर तुझं काय होईल? असं मी मला सांगत होते, आणि ते खोटंही नव्हतं.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण लिहायला मला लाज वाटते. आपल्या गल्लीतली कितीतरी लेकरं माझ्या पायांवर न्हाली आहेत. तुम्ही दोघं न्हालात. बाळंतिणीच्या घरून बोलावणं आलं की मी हातातली कामं टाकून जायची. बायका म्हणतात, प्रयागबाईच्या पायावर लेकरू रडत नाही. आणि माझ्या पहिल्या नातवाला मी दारात उभी राहून दुसऱ्या कोणी न्हाऊ घालताना बघायचं? तेवढं मला सोसणार नव्हतं. एवढीशी गोष्ट आहे. एवढ्यासाठी तुझं लेकरू भाजलं.

आता त्या सकाळचं. मागे लिहिलं ते विसर.

पहिला तांब्या नेहमी आपल्या पायांवर घ्यायचा असतो. आपल्या नडगीला सोसेल ते लेकराला सोसतं, असं माझ्या सासूनं मला शिकवलं. मी राखीला म्हटलं, माझ्या पायावर टाक. तिनं टाकलं. मला पाणी कोमट वाटलं. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही म्हणजे कोमट आहे असं मी ठरवलं. राखी म्हणाली, 'आत्याबाई, पानी लय गरम हाये वो. वाफ निघून राह्यली. अजून विसन घालते.' मी म्हटलं, 'मले शिकवू नको. तुह्या लग्नाच्या आंधीपासून लेकरं न्हाऊ घालतो मी. एखांदं आपलं करून दाखव, मंग शिकव. टाक पानी.'

तिनं टाकलं. माझ्या सांगण्यावरून टाकलं.

गोलू किंचाळला तेव्हा मला वाटलं साबण डोळ्यात गेला. मी त्याला थोपटत बसले. राखीनं तांब्या फेकला, माझ्या पायांवरून त्याला हिसकून घेतला आणि गार पाण्याची अख्खी बादली हळूहळू त्याच्या अंगावर ओतली. तू धावत आलीस तेव्हा लेकरू तिच्या हातात होतं आणि तू तेवढंच पाहिलंस. वाशीमचे डॉक्टर म्हणाले होते, लगेच गार पाणी टाकलं म्हणून खोलवर गेलं नाही. ते कोणी टाकलं हे तिथं कोणी विचारलं नाही. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, 'विसण कोणी घातलं?' आणि मी म्हटलं, 'राखीनं.'

एकच शब्द बोलले. त्यात खोटं काही नव्हतं. तिचा बाप तिला घेऊन गेला तो त्या शब्दापायी, शेजारणीनं लेकरू उचलून नेलं ते त्या शब्दापायी. तिला वांझ म्हणून लोकांनी काय काय म्हटलं, आणि पहिल्यांदा मीच म्हटलं, तिच्या तोंडावर, न्हाणीत बसून.

माझ्या नडगीवर फोड आले होते ते मी दवाखान्यातल्या संडासात पाहिले. तिथंच मला सगळं कळलं. बाहेर येऊन सांगायला दहा पावलं चालायची होती. मी लुगडं नीट केलं आणि बाकड्यावर येऊन बसले.

तू म्हणालीस टिपूस आलं नाही. मी रडत होते, सायली. आतून सगळं हलत होतं, पण डोळ्यांतून काही येत नाही आता. हे तू मला माफ करावंस म्हणून सांगत नाही. आजारानं माझे हातपाय बधिर केले. जीभ बधिर नव्हती झाली.

संक्रांतीला तुला यायचं असेल तर धीरजला सांग. नसेल यायचं तर मी समजेन. गोलूला माझ्या पायांवर आता कोणीही देऊ नये, मी मागितला तरी देऊ नये. हे बाबांनाही सांगून ठेवलं आहे.

आई


मालेगाव, ३ फेब्रुवारी

सायली,

संक्रांतीला तू आली नाहीस. बोरं शेजारच्या पोरांनी नेली. तू आली नाहीस ते बरोबर केलंस असं मी लोकांना सांगते. मग घरात येऊन दार लोटते.

राखीचं सांगायला हे लिहिते. धीरज तुला पत्र देऊन परत आला तो घरी न येता थेट शिरपूरला गेला होता. एकटाच परत आला. माणिकरावांनी त्याला अंगणातूनच सांगितलं, 'ज्या तोंडानं पाठवली त्या तोंडानं न्यायले या.' धीरजला राग आला होता. मला वाटलं, या बापानं माझ्यावर उपकार केले.

मी आणि बाबा एसटीनं गेलो. शिरपूरच्या स्टँडपासून त्यांचं घर लांब नाही, पण मला पावलं बघून टाकावी लागतात. मान वर करून चालले की पाय कुठं पडतो ते कळत नाही. देवळाकडे जाणारी बाहेरगावची माणसं मध्येच थांबून मला वाट देत होती. त्यांना वाटलं असेल म्हातारी चक्कर येऊन पडते. अख्खा रस्ता मी खाली मान घालून गेले, आणि ते शोभतच होतं.

माणिकराव ओट्यावर होते. चतुराबाई, राखीची आई, सूप घेऊन बसल्या होत्या. 'या' कोणी म्हटलं नाही. मी बसले नाही. म्हटलं, आजूबाजूच्या चार बायकांना बोलवा, मला जे बोलायचंय ते त्यांच्यासमोर बोलायचं आहे. चतुराबाई म्हणाल्या, 'आता अजून काय बोलाचं राह्यलं?' पण बायका आपसूकच जमल्या. अशा गोष्टीला कोणाला बोलवावं लागत नाही.

मी सांगितलं. तुला लिहिलं तेच, त्याच क्रमानं. पाणी गरम आहे हे राखीनं सांगितलं होतं, मीच टाक म्हटलं, गार पाणी टाकून लेकरू तिनं वाचवलं, आणि मी तिचं नाव पुढं केलं. नडगी उघडी करून दाखवली. एक बाई मागे सरकली. दुसरी हळूच म्हणाली, 'महारोग त नसन?' मी म्हटलं, नाही, पण तुम्हाला तसं म्हणायचं असेल तर म्हणा, फक्त मला म्हणा.

राखी दारात उभी होती. वाळली आहे. मी तिच्यापुढे गेले, हात जोडले. हात नीट जुळतात की नाही तेही बघावं लागतं मला, मग जुळवून धरले. तिनं ते खाली केले.

म्हणाली, 'मले मालूम होतं, आत्याबाई.'

मला वाटलं ती रागानं म्हणते आहे. पण ती रागात नव्हती. 'दिवायीच्या आंधी तुमी वांग्याची कढई उघड्या हातानं उतरवली. चटका लागला न् तुमी बोलतच राह्यल्या. मी तवाच समजली का तुमच्या हाताले काही झालं म्हून. त्या दिवशी पानी टाकलं तवा बी मले तेच भेव होतं. पन तुमी असं बोलल्या, मंग माह्या हातानं टाकल्या गेलं.'

मी विचारलं, 'मंग दवाखान्यात काहून नाही बोलली तू? तुह्यावर येवढं आलं.'

ती आईकडे बघून म्हणाली, बायकांकडे नाही, 'मी म्हटलं असतं का सासूच्या हातापायाले समजत नाही, तं लोक काय म्हनले असते? या काकू आता म्हनल्या तेच. सायलीची सासू तिथंच उभी होती. मंग सायलीले नांदू देलं असतं काय त्याहीनं? मले वाटलं, तुमी सांगसान. आज सांगसान, उद्या सांगसान. मी वाटच पाहून राह्यली होती.'

मी तिला वाट पाहायला लावली, आणि त्या दिवसांत मी मेथी निवडत होते.

ती तुझ्यासाठी गप्प राहिली होती, सायली. मी तुला हे वेगळं समजावून सांगत नाही. तू शिकलेली आहेस.

माणिकराव उठून आत गेले आणि तिची पिशवी घेऊन आले. तिच्या हाती दिली नाही, आधी तिला विचारलं, 'जातं का?' ती म्हणाली, 'जातो बाबा. त्याहिच्या हातून चूल पेटत नाही आता.' मी तिथं ओट्यावर बसले.

राखी आता मला अकोल्याला घेऊन जाते. गोळ्या तिच्या ताब्यात आहेत. डॉक्टरीणबाई रागावल्या, पुन्हा नसांची तपासणी केली, औषध वाढवलं. जखम भरत आली आहे. या पेनाला तिनं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली आहे, म्हणून अक्षर जरा बरं दिसत असेल. पेन पहिल्यापासून चांगलंच होतं.

धीरज तिच्याशी बोलायला बघतो, ती कामापुरतं उत्तर देते. त्याला मी म्हटलं, तुला तेवढंच मिळायला पाहिजे सध्या.

आई


मालेगाव, १४ मार्च

सायली,

परवा तू राखीच्या फोनवर फोन केलास. मी ओट्यावर होते. तुझा आवाज ओळखला आणि उठून वावरात गेले, म्हणजे तिला माझ्यासमोर बोलायला नको. परत आले तर ती भांडी घासत होती आणि नाक ओढत होती. काय बोललात ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की गोलूचं उष्टावण आहे, मामा-मामीला बोलावलं आहे.

मला बोलावलेलं नाही हे तिच्या तोंडून निघत नव्हतं. मीच म्हटलं, मला एवढा प्रवास झेपत नाही. ती म्हणाली, 'झेपते तुमाले. अकोल्याले नाही जात?'

तू बोलावलं नाहीस त्याचं मला वाईट वाटतं. वाटतं ते लिहून टाकते, आता लपवून काही ठेवत नाही. पण तुझी चूक आहे असं वाटत नाही. बोलवावंसं वाटेल तेव्हा बोलव, नाही वाटलं तर नको.

हे पत्र राखीजवळ देते. तिनं गोलूसाठी चांदीची वाटी घेतली आहे, पहिला घास त्यातूनच भरवायचा म्हणते. मी काही पाठवत नाही. कोणी विचारलं, आजी का नाही आली, तर बरं नाही असं मोघम सांगू नकोस. तुझ्या सासूबाईंना तर सगळंच सांग. त्यांनी त्या दिवशी दवाखान्यात विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

तिथं बायका जमतील. त्यांच्यातल्या अर्ध्या जणींनी ऐकलेलं असेल की हीच ती मामी. उष्टावणाला घास मामा भरवतो, मांडी कोणाची हे कुठं ठरलेलं नसतं. गोलूला राखीच्या मांडीवर दे. आत खोलीत नको. अंगणात पाट मांड आणि सगळ्यांदेखत दे.

आई